तीन उचक्या

मी एक जुना पंप आहे, आणि सध्या माझे तोंड बंद आहे. बोलणे बंद आहे असे नाही. ते अजून कोणाला जमलेले नाही. माझ्या नळाच्या तोंडावर पत्र्याचे एक गोल झाकण बसवले आहे, त्याबद्दल म्हणतो. आत पालापाचोळा जाऊ नये म्हणून ते लावले आहे. शिवाय मला हिरवा रंग फासला आहे, चार बोल्ट आवळून चौथऱ्यावर जखडले आहे आणि भोवती साखळीही बांधली आहे. मी कुठे पळून जाणार आहे असे यांना वाटते, देव जाणे!

मित्रांनो, तुम्ही सहलीला येता तेव्हा त्या साखळीवर झोके घेता. मला राग येत नाही. माझ्या मागे डोंगर आहे, डोंगरात बोगदा आहे आणि बोगद्यातून दिवसभर गाड्या हॉर्न वाजवत जातात. माझ्या पाटीवर माझे वजन लिहिले आहे आणि मी मिनिटाला किती पाणी उपसत असे तेही लिहिले आहे. ते वाचून तुम्ही जांभई देता, त्याचाही मला राग येत नाही. वजनात वाचण्यासारखे असते तरी काय? पाटीवर जे मावले नाही ते मी तुम्हाला सांगतो.

वितळलेले लालभडक लोखंड वाळूच्या साच्यात ओतले, ते निवले आणि मी झालो. साचा फोडून मला बाहेर काढले तेव्हा तिथल्या कारागिराने हातोडीने माझ्या पाठीवर टकटक केले, कान देऊन ऐकले आणि म्हणाला, "खणखणीत आहे. जाऊ द्या पुढे." माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक. ते मी अजून जपून ठेवले आहे.

पुष्कळ पंपांना वीज लागते. मला हवा लागते, तुम्हाला लागते तशीच. बोगद्याबाहेर कंप्रेसर नावाचे यंत्र असते. ते हवा दाबून एका लोखंडी नळातून माझ्याकडे पाठवते. ती हवा माझ्या पोटातला पंखा फिरवते, पंखा पाणी ढकलतो आणि ते पाणी दुसऱ्या नळातून बाहेर जाते. काम करून दमलेली हवा एका रबरी नळीतून फुसफुस करत सुटते. म्हणजे मला दोन नळ आणि एक नळी. एवढे लक्षात ठेवा, पुढे त्यांच्याशीच गाठ आहे.

हा बोगदा खणत होते तेव्हा तो उताराचा होता. दाराशी उंच आणि आत जावे तसा खोल. डोंगराच्या पोटात पाणी असतेच, आणि असा उतार असला की ते जिथे माणसे खडक फोडत असतात नेमके तिथेच जमते. म्हणून अगदी शेवटाला एक खड्डा करून मला त्यात बसवले होते. माणसे पुढे सरकली की मलाही ओढून पुढे नेत. वर खडक, खाली खडक, अंगाभोवती काळे पाणी, आणि उजेड म्हणाल तर तो दिव्यांचा. कोंडल्यासारखे वाटायचे का? वाटायचे. पण माझ्या नळाचे दुसरे टोक बाहेर उन्हात होते. मी ढकललेले पाणी तिथे उजेडात पडते आहे, या विचाराने मला बरे वाटायचे.

माझी देखभाल मिस्त्रींकडे होती. मी कोरा करकरीत होतो तरी ते मला पहिल्या दिवसापासून 'म्हातारबा' म्हणत, कारण सुरू होताना मी खोकायचो. स्वतःच्या डोक्यावर एक केस शिल्लक नव्हता, आणि म्हातारबा मी! माझ्या जाळीत कचरा अडकला की ते बाही वर करून थंडगार पाण्यात खांद्यापर्यंत हात घालत, चिंध्या आणि खडे उपसून काढत आणि मला दटावत, "म्हातारबा, दिसेल ते गिळू नये." त्यांचा हात लागला की माझी धाप थांबायची.

दुसरा जिराफ. खडकात भोके पाडणारा हा तरणाबांड गडी इतका उंच होता की मचाणाखालून जाताना त्याचे हेल्मेट रोज आपटायचे आणि रोज तो मचाणालाच शिव्या द्यायचा. त्याचा सख्खा मोठा भाऊ बाहेर कंप्रेसर चालवायचा. त्याला सगळेच दादा म्हणत. दादा बुटका होता. आईने सगळी उंची धाकट्यालाच वाढून टाकली, असे म्हणून लोक त्याला चिडवत, आणि तोही हसायचा. दादाची बायको, म्हणजे सगळ्यांची वहिनी, कामगारांचे कपडे धुवायची आणि चहा करायची. माझे पाणी पडायचे तिथे सिमेंटचा हौद बांधला होता. तिचे सारे राज्य त्या हौदाभोवती. कपडे तिथेच धुवायचे, तिथेच दोरीवर वाळायचे आणि शेगडीही शेजारीच.

चहाची एक पद्धत पडून गेली होती. आतल्या माणसांना चहाची तल्लफ आली की मिस्त्री माझा हवा अडवायचा खटका तीनदा बंद करून उघडत. मग हौदात पडणारी धार तीनदा तुटायची. बाहेर दादा ओरडायचा, "अगं, पंपाला उचकी लागली!"

"माझीच आठवण काढतायत मेले," असे म्हणून वहिनी आधण ठेवायची.

आत टेलिफोनही होता, नाही असे नाही. पण तो बोलायचा कमी आणि खरखरायचाच जास्त. माझी उचकी मात्र कधी चुकली नाही.

आता पाण्याविषयी सांगतो. पाण्याची चव माझ्याइतकी कोणाला कळत नसेल, कारण माझे अख्खे आयुष्य तोंडात पाणी धरूनच गेले. कित्येक महिने मी उपसलेले पाणी नितळ होते, गार आणि किंचित गोडसर. इंजिनियर बाई रोज हौदाशी येत, त्यात काचेचा पेला बुडवत आणि तो उन्हात धरून बघत. पाणी स्वच्छ असले तर ठीक. गढूळ झाले तर काम थांबवायचे, असे त्यांनी सगळ्यांना शिकवले होते. गढूळ पाणी डोंगराच्या आतली माती धुऊन आणते. माती निघून गेली की आत पोकळी पडते, पोकळी वाढत जाते आणि एक दिवस वरचे सगळे खाली बसते. हे मिस्त्रींना पाठ होते, दादाला पाठ होते, अगदी वहिनीलाही माहीत होते.

तरीही चूक झाली. कशी झाली ते ऐका, कारण तिच्यात कोणाचाच वाईट हेतू नव्हता.

एकदा माझ्या पंख्याला काहीतरी कचकचले. रेती होती, पिठासारखी बारीक. पुढच्या दिवशी आणखी थोडी. पाण्याला जेमतेम दुधट रंग आला होता, पण वहिनीच्या नजरेतून तो सुटला नाही. "धुतलेले सदरे पुन्हा मळतायत हो," ती दादाला म्हणाली, "दुसऱ्यांदा धुवायचे म्हणजे हात गळून जातात."

दादाला बायकोची दगदग बघवेना. त्याने जिराफची एक पँट घेतली आणि तिचा एक पाय कापला. जिराफच्या पँटचा पाय म्हणजे केवढा लांब! खालच्या टोकाला गाठ मारली, वरचे टोक माझ्या नळाच्या तोंडाला तारेने आवळले. झाली गाळणी! रेती पँटीत राहिली आणि स्वच्छ पाणी हौदात पडू लागले. पाळी संपली की दादा ती पिशवी सोडून रेती डब्यात ओतायचा आणि पुन्हा बांधायचा. वहिनीने त्या रेतीने चहाचे पातेले घासून बघितले, तर ते आरशासारखे निघाले. मग काय, आजूबाजूच्या बायकाही वाटी घेऊन रेती मागायला येऊ लागल्या. दादाच्या डोक्याचे जिकडेतिकडे कौतुक झाले. गढूळ पाण्याचा धडा त्याला पाठ होता, पण त्याला वाटले की एवढीशी रेती म्हणजे काही गढूळ पाणी नव्हे.

इंजिनियर बाई रोजच्यासारख्या येत, हौदात पेला बुडवत आणि पाणी नितळ बघून मान हलवत. दोरीवर इतके कपडे लोंबत असायचे की त्यात नळाला लोंबणाऱ्या पँटच्या पायाकडे कोणाचे लक्ष जाणार? एकदा तर त्या चहा पिता पिता म्हणाल्या, "वहिनी, भांडी काय लख्ख ठेवता हो तुम्ही!" वहिनी लाजली. डोंगर आतून पोकळ होत होता आणि त्याच्या मातीने घासलेल्या पातेल्यात त्यांचा चहा उकळत होता.

आत मिस्त्रींनी मला उघडून बघितले. पंख्याची पाती निम्मी झिजली होती. त्यांनी कपाळाला आठ्या घालून बाहेर विचारून घेतले, पाणी कसे आहे? निरोप आला, एकदम स्वच्छ. "मग मालच हलका दिलाय," असे पुटपुटत त्यांनी नवा पंखा बसवला. मी घोगरा झालो होतो, घशात सारखे खरखरत होते. त्यांना ऐकू जाईल असे मला बोलता येत असते तर मी जीव तोडून ओरडलो असतो. पण पंपाची खरखर कोण मनावर घेतो? "म्हातारबाला सर्दी झाली," असे म्हणून जिराफ हसला.

मग तो दिवस आला. जेवणाची सुट्टी झाली आणि सगळे बाहेर गेले. माझी जाळी तुंबली होती म्हणून मिस्त्री मागे थांबले, आणि मला उचलून धरायला त्यांनी जिराफला थांबवून घेतले. आमच्या मागे, बाहेर जायच्या वाटेवर, छतातून एक धार कित्येक महिने पडत होती. येताजाता ती सगळ्यांच्या मानेवर पडायची. त्या दिवशी ती थांबली.

"मिस्त्री, बघा, आज अंघोळ नाही," जिराफ म्हणाला.

मिस्त्रींनी बॅटरी वर धरली. छत कोरडे होते. "थांबली कशी? वर कुठेतरी पाणी तुंबलं असणार," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदललेला मला कळला. "जिराफ, चल. आधी बाहेर चल."

ते चार पावले गेले असतील नसतील. खडीचा ट्रक रिकामा करावा तसा आवाज झाला आणि थांबलाच नाही. ओल्या मातीचा वास घेऊन गार वारा आमच्या अंगावर आला, दिवे गेले, आणि त्यामागून चिखल आला. तो धावत नव्हता, सरकत होता. दोघे उलटे फिरून मचाणावर चढले. चिखलाने बोगदा छतापर्यंत भरला आणि माझ्या खड्ड्यापासून थोड्या अंतरावर येऊन तो थबकला. पुढे खडकाची भिंत, मागे चिखलाची. मध्ये एक खोलीएवढी जागा, एक मचाण, दोन माणसे आणि मी.

मी चालू होतो. माझे दोन्ही नळ भिंतीला घट्ट धरून चिखलाखालून बाहेर गेले होते आणि तुटले नव्हते. मिस्त्रींच्या हे ध्यानात आले तेव्हा ते मचाणावरून उतरले, माझी रबरी नळी उचलली आणि तिचे टोक वर बांधले. माझी दमलेली हवा आता त्यांच्या तोंडावर येत होती.

"घे श्वास," ते जिराफला म्हणाले. "म्हातारबाचा आहे, थोडा तेलकट लागेल."

"खाली पाणी वाढतंय, मिस्त्री."

"वाढणारच. चिखलातून निथळतंय. म्हातारबा उपसतोय तोवर आपल्याला धोका नाही." मग थोडे थांबून ते म्हणाले, "चहा मागू या."

आणि त्यांनी माझा खटका तीनदा दाबला. मी जीव लावून तीन उचक्या दिल्या. थोडा वेळ जाऊ दिला आणि पुन्हा तीन. पुन्हा तीन. बाहेरून काहीच आले नाही. टेलिफोनची तार तर केव्हाच तुटली होती. दोन्ही बॅटऱ्या विझवून त्यांनी जपून ठेवल्या. अंधारात जिराफ मोठमोठ्याने श्वास घेत होता. मी धापा टाकत पाणी ढकलत होतो आणि माझ्या उचक्या कोणाला कशा कळत नाहीत, हे मला समजत नव्हते.

आणि मग माझी हवा बंद झाली.

मित्रांनो, तो क्षण मला अजून आठवतो. पंखा फिरत फिरत मंद झाला आणि थांबला. रबरी नळीतली फुसफुस थांबली. इतकी शांतता मी त्या बोगद्यात कधी ऐकली नव्हती. पाणी माझ्या पाठीवरून चढू लागले, खड्डा भरून वर आले आणि मी पूर्ण बुडालो. लोखंडाला भीती वाटत नाही असे तुम्हाला वाटत असेल. मला वाटली.

"बंद केली," मिस्त्री म्हणाले. "आपण संपलो असं वाटलंय त्यांना."

"दादा बंद करणार नाही," जिराफ म्हणाला.

"अरे, हवेच्या चाकावर दादाचाच हात असतो."

बराच वेळ गेला. हवा जड झाली. मग जिराफ मचाणावरून खाली उतरला, पाण्यात. ते त्याच्या छातीपर्यंत होते, मिस्त्रींच्या नाकातोंडात गेले असते. चाचपडत तो माझ्यापाशी आला आणि पाय खाली सोडून त्याने माझा खटका पायाच्या अंगठ्याने शोधला.

"वर ये, गारठून मरशील!" मिस्त्री ओरडले.

"हवा आली की लगेच चहा मागायचाय," तो म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "तुमचा हात इथवर पोचणार नाही आता."

पाणी त्याच्या गळ्यापर्यंत आले. त्याचा पाय माझ्या खटक्यावर तसाच होता. तो थरथरत होता आणि त्याच्याबरोबर मीही.

बाहेर काय चालले होते हे मला पुढे कळले. मला धुताना मिस्त्रींनी सांगितले, आणि दादाने तर किती वेळा सांगितले त्याला गणती नाही. बाहेर सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाले होते. हौदाशी धार दिसत नव्हती, नुसते ठिपकत होते. त्यावरून बाईंनी ओळखले की आत नळ तुटला. एक तुटला म्हणजे शेजारचा हवेचा नळही तुटला असणार. तुटक्या नळातून दाबाची हवा चिखलात घुसली तर चिखल ढवळला जाईल, पुढे सरकेल, आणि सोडवायला निघालेली माणसेही गाडली जातील. बाईंचे म्हणणे बरोबर होते. त्या दादासमोर उभ्या राहिल्या आणि खाली मान घालून म्हणाल्या, "हवा बंद करावी लागेल."

दादाने आपल्या हाताने चाक फिरवले. आत त्याचा पाठचा भाऊ होता.

मग तो चालत हौदाशी गेला, कारण दुसरीकडे कुठे जावे ते त्याला सुचेना. वहिनी नळाकडे बघत उभी होती. "अहो," ती हळूच म्हणाली, "ही पँट आज सोडलीच नाही का?"

जिराफच्या पँटचा तो पाय चिखलाने गच्च भरून फुगला होता. कापडाची छिद्रे लिंपली होती. दादाने तार तोडली. पिशवी धप्पदिशी त्याच्या पायांवर पडली आणि फुटली. आतून करडी माती निघाली, पीठ मळून ठेवावे तशी. दादाने खाली वाकून ती मुठीत घेतली. कोणी काही सांगायची गरज नव्हती. डोंगर कित्येक दिवस काय सांगत होता आणि आपण ते कशात भरून ठेवत होतो, हे त्याला एका क्षणात कळले.

"बाई!" तो ओरडला. "नळ तुटला नाही! हे तुंबलं होतं! मी बांधलं होतं हे, मी!"

बाई धावत आल्या. त्यांनी ती माती उचलून बोटांत चोळली. रोज पेला बुडवला तो हौदात, नळाच्या तोंडाशी एकदाही नाही, हे त्यांनाही कळले असणार. पण कोणाला बोल लावायला वेळ नव्हता. "हवा सोडा," एवढेच म्हणाल्या.

आत मला पहिल्यांदा एक शीळ ऐकू आली. मग छातीत हवा भरली आणि मी खोकलो. जन्मात खोकलो नसेन एवढा खोकलो. पंखा अडखळला, फिरला. जिराफ किंचाळला की हसला ते कळले नाही, पण त्याच्या अंगठ्याने माझा खटका दाबला. एकदा. दोनदा. तीनदा.

बाहेर नळातून आधी चिखल उडाला, मग काळी धार फुटली. ती तुटली. पुन्हा आली आणि तुटली. तिसऱ्यांदा आली आणि तुटली.

"अहो, चहा मागतायत!" वहिनी ओरडली. "चहा मागतायत ते!"

आणि मित्रांनो, तुम्हाला हसू येईल, पण ती रडत रडत गेली आणि तिने खरोखरच आधण ठेवले. दादाने कंप्रेसरच्या चाकावर हात ठेवला आणि हवा तीनदा अडवून सोडली. आत माझा श्वास तीनदा अडखळला. इतके महिने मी उचक्या दिल्या होत्या, पण समोरून मला कधी आल्या नव्हत्या.

"आधण ठेवलं रे," मिस्त्री अंधारात म्हणाले.

चिखल उपसून वाट काढणे शक्य नव्हते. जेवढा काढावा तेवढा वरून येत होता. म्हणून बाईंनी शेजारच्या पक्क्या खडकातून एक अरुंद वाट खणायला घेतली. तिला पुष्कळ वेळ लागला. तोवर पाणी अडवून धरायचे काम माझे होते. मी इतका चिखल कधी गिळला नव्हता. पाती झिजत होती, घसा सोलून निघत होता. पाणी जरा उतरले की मिस्त्री खाली येऊन माझी जाळी साफ करत. आता ते मला दटावत नव्हते. "गिळ बाबा," म्हणत, "काय वाटेल ते गिळ, पण थांबू नकोस." जिराफच्या डब्यात दोन भाकरी होत्या, त्या त्यांनी तुकडे करून पुरवल्या. मध्येच अंधारात जिराफ माझा खटका दाबायचा. बाहेर बाई नळाशीच बसून होत्या, धारेत हात धरून. धार तुटली की त्या दादाकडे बघायच्या आणि दादा उलट उचकी पाठवायचा. आहोत, एवढेच सांगायचे असायचे. आहोत. आम्हीही आहोत.

शेवटी बाजूच्या खडकात ठकठक ऐकू आली. एक दगड निसटला आणि उजेडाची काडी आत आली. त्या भोकातून जिराफला बाहेर ओढताना सगळ्यांच्या नाकी नऊ आले. त्याचे पाय संपता संपत नव्हते. मिस्त्री मागे वळून म्हणाले, "आणि म्हातारबा?"

"त्याला चालू राहू द्या," बाई म्हणाल्या. "तो थांबला तर ही वाटही बुडेल."

बरोबर होते. मिस्त्रींनी माझ्या पाठीवर ओला हात ठेवला आणि ते गेले. त्यांच्या बॅटऱ्या लांब जाताना मी बघितल्या. सगळे सुखरूप बाहेर पोचेपर्यंत मी चालू होतो. मग चिखल पुन्हा सरकला आणि माझ्यावर आला, आणि त्या वेळी मी थांबलो.

बाहेर दादा भावासमोर उभा होता, पण वर बघत नव्हता. काय झाले ते जिराफला वाटेतच कळले होते. जिराफने त्या फाटक्या गाळणीकडे बघितले, मग भावाकडे. "माझी पँट कापलीस?" तो म्हणाला. "चांगली होती की ती. नवी घेऊन दे." तेव्हा कुठे दादाने त्याला मिठी मारली. त्याचे डोके भावाच्या छातीपर्यंतच पोचायचे.

मी चिखलात किती काळ होतो हे मला सांगता येणार नाही. तिथे दिवस नव्हता. तोंडात, पोटात, दोन्ही नळांत माती गच्च भरली होती. बाहेर दुसरीकडून बोगदा पुढे गेला, सुरुंगांचे हादरे मला जाणवायचे, पण माझी आठवण कोणी काढत असेल का, हे कळायला मार्ग नव्हता. पुढे कधीतरी जुना चिखल उपसताना फावडे माझ्या पाठीवर आदळले. मी खणखणलो. मिस्त्रींना बोलावून आणले. त्यांनी मला ब्रशने धुतले, कोणाला हात लावू दिला नाही. मग भाषणे झाली, टाळ्या झाल्या, हा चौथरा झाला. काही वर्षांनी पाटीवरची अक्षरे पुसट झाली. कोणीतरी माझ्या तोंडात चॉकलेटचे कागद कोंबले. मग रंग आला आणि हे झाकण आले.

दादा आता थकला आहे, पण अधूनमधून येतो. साखळी ओलांडतो, खिशातून पाना काढतो आणि झाकण उघडतो. आत बोटे घालून चोळून बघतो. आत काय असणार? थोडा गंज. तो बोटे पँटला पुसतो, झाकण चौथऱ्याशी ठेवतो आणि जातो. पुढच्या आठवड्यात ऑफिसचा माणूस येऊन ते परत बसवतो. त्याचेही चुकत नाही, पालापाचोळा जातोच आत.

मित्रांनो, मला एकच सांगायचे आहे. पाणी गाळायचे तर जरूर गाळा, पण गाळण्याआधी ते एकदा बघा. ते गढूळ का आले हे विचारा. आमच्याकडे सगळ्यांनी स्वच्छ पाणी बघितले, आणि म्हणूनच दोन माणसे कोंडली गेली.

तुम्ही आलात आणि माझ्या तोंडावर झाकण दिसले, तर जरा बाजूला करा. वारा आत शिरला की मी थोडासा खोकतो. आणि जाताना माझ्या पाठीवर तीनदा टकटक करा. मिस्त्री आता नाहीत, जिराफ लांबच्या कामावर आहे. पण कोणीतरी आठवण काढली, एवढे मला कळेल.